उद्यमनगरची शेड ते गाण्याचा हॉल : कामाच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024

शेड ठरली एकदाची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आतल्या रस्त्याला आहे, पूर्वी मशीनशॉप होतं, मालकांनी धंदा शिरोली एमआयडीसीत नेला तेव्हापासून गोडाऊन म्हणून पडून होती. 100 बाय 60 फूट, मधे एकपण खांब नाही, नऊ इंची विटेच्या भिंती, वर पत्रा, सरासरी उंची 26 फूट. मधे खांब नाही म्हटल्यावर मी तिथंच मनातून हो म्हटलं होतं, बाकी हिशोब नंतर.

पंचगंगेच्या बाजूच्या दोन जागा स्वस्त मिळत होत्या आणि दिसायला पण झकास होत्या, पण 2019 आणि 2021 चा पूर ज्यानं बघितलाय तो तिथं लाकडी स्टेज टाकणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी ते त्याच्या कितीतरी वर गेलं. लाकूड, रॉकवूल (आवाज शोषणारी दगडाची लोकर), केबल यातलं काहीही एकदा पाण्यात भिजलं की फेकूनच द्यायचं.

आमच्या कंपनीचा विचार सरळ आहे. मध्यम आकाराच्या शहरांमध्ये साडेपाचशे-सहाशे माणसांचे हॉल करायचे, खास लाइव्ह गाण्या-वाजवण्यासाठी. कोल्हापूर पहिलं, मग सोलापूर, मग पुढचं बघू. कोल्हापुरात एका बाजूला घरगुती मैफली आणि देवल क्लब, ही गाण्याची संस्था 1883 पासून चालू आहे, आणि दुसऱ्या बाजूला एकदम मैदान. मधे नाट्यगृह होतं. शाहू महाराजांनी बांधलेलं 1915 चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ते 8 ऑगस्टच्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. ते परत उभं राहायलाच पाहिजे आणि त्याची जागा आमचा हॉल घेऊ शकत नाही, घ्यायची पण नाही. नाटकाला लागतं ते वेगळं. पण ज्या बँडला पाचशे माणसं येतात त्यानं कोल्हापुरात कुठं वाजवायचं, या प्रश्नाला आग लागायच्या आधीपण उत्तर नव्हतं. मंगल कार्यालय, नाहीतर हॉटेलचा लॉन. दोन्हीकडं आवाज कसा येतो ते सगळ्यांना माहितीये.

16 नोव्हेंबर

आज रात्री शेडच्या मागच्या गल्लीत साऊंड मीटर लावायचा होता, आजूबाजूचा मूळ आवाज किती ते बघायला. पण विधानसभेचा प्रचार ऐन रंगात, दर पाच मिनिटाला एक रिक्षा भोंगा लावून जाते. हे आकडे कामाचे नाहीत. मतदान 20 ला आहे, त्यानंतर परत लावू.

मागच्या गल्लीत घरं आहेत, हे आत्ताच लिहून ठेवतो कारण या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. समोरच्या बाजूला सगळे वर्कशॉप, लेथ, प्रेस, वेल्डिंग, ते संध्याकाळी बंद होतात. मागं मात्र एक सात-आठ फुटाची बोळ आणि पलीकडं लोकांची बेडरूम.

27 नोव्हेंबर

मीटर लावला. रात्री अकरानंतर मागची गल्ली 44-45 डेसिबलला येते, म्हणजे खरंच शांत आहे. संध्याकाळी सात ते नऊ मधे 56-58 असतं, गाड्या, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या.

आता कायदा काय म्हणतो ते. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45, रात्र म्हणजे 10 ते 6. खासगी जागेतल्या साऊंडचा आवाज आपल्या हद्दीवर त्या आकड्यापेक्षा 5 डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. बंद सभागृहाला रात्री 10 नंतरच्या लाउडस्पीकर बंदीतून सूट आहे खरी, पण हद्दीवरचा आकडा तिथंपण लागू. आत बँड जोरात वाजतो तेव्हा 98-100 डेसिबल धरायचे. म्हणजे भिंत, छत आणि दारं मिळून 50 डेसिबल अडवायला पाहिजेत. नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडून गिलावा केलेली, तेवढं काम जवळजवळ करते. पत्रा काहीच करत नाही. शेड ही वरून उघडीच आहे असं समजून चालायचं.

आणि हे सगळं डेसिबल ए मधे, ज्यात खर्जाचा आवाज कमी मोजला जातो. किक ड्रम आणि बेस गिटार 50-60 हर्ट्झला असतात, 50 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ 7 मीटर, ती पातळ भिंतीला जुमानत नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, मिरवणुकीत डॉल्बी पुढच्या चौकात असतो आणि आपल्या घरातलं कपाट थरथरतं. मीटर पास झाला म्हणजे गल्ली झोपली असं होत नाही. त्यामुळं आमचा आकडा कायद्यापेक्षा कडक ठेवायचा असं मी मीटिंगमध्ये मांडलं आणि ते मान्य झालं.

3 डिसेंबर

मागच्या गल्लीत घरोघरी जाऊन आलो. कुणाच्या पत्रकाची वाट बघण्यापेक्षा आपण आधी जावं. एका घरातल्या आजी दारातच म्हणाल्या, "डॉल्बीचा हॉल काढणार म्हणं तुमी?" मी म्हटलं नाही आजी, गाण्याचा. "गाणं म्हणजे कसलं गाणं? गणपतीत आमच्या खिडक्यांच्या काचा वाजत्यात. माझं बीपी वाढतंय बगा." चहा दिला, अर्धा तास बसवून घेतलं, आणि बोलता बोलता सांगितलं की लहानपणी वडिलांबरोबर पॅलेस थिएटरला नाटकाला जायच्या, पदं अजून पाठ आहेत. जाताना म्हणाल्या, "आवाज आला तर मी तिथं येऊन बसतो बघ. आयकून घेणार न्हाई." मी त्यांच्या खिडकीत मीटर लावायची परवानगी मागितली, हो म्हणाल्या. काम झाल्यावर परीक्षा याच खिडकीत होणार.

10 डिसेंबर

आर्किटेक्ट मॅडम आणि स्ट्रक्चरल सर दोघं एकत्र साईटवर. टाळी वाजवून बघितली, फुगे फोडून रेकॉर्ड केलं. आवाज विरायला 3 सेकंदाच्या आसपास लागतात, खालच्या पट्टीत त्याहून जास्त. एवढ्या घुमणाऱ्या जागेत गायकाचा शब्द कळत नाही आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात.

हिशोब सॅबाईनच्या सूत्रानं केला, घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला 0.161 नं गुणायचं आणि शोषणानं (भिंती, छत, सामान मिळून किती आवाज पितात त्यानं) भागायचं, की आवाज विरायचा वेळ मिळतो. घनफळ साधारण 4400 घनमीटर. 3 सेकंद म्हणजे आत्ता शोषण 236 चौरस मीटर. माईक-स्पीकरवाल्या संगीताला आम्हाला 0.9 सेकंद पाहिजे, त्याला 787 लागतं. म्हणजे साडेपाचशे चौरस मीटर वाढवायचं. (आतली खोली बांधल्यावर घनफळ कमी होईल, मग आकडा थोडा खाली येईल.) माणसं पण आवाज पितात, उभी गर्दी असेल तर चांगलंच, पण फक्त मधला आणि वरचा. खर्जाला माणसांचा काही उपयोग नाही. त्याला जाड थर लागतो, सहा-आठ इंच रॉकवूल आणि त्याच्या मागं मोकळी हवा. नुसतं भिंतीवर कार्पेट आणि अंड्याचे ट्रे चिकटवलेले हॉल मी बघितलेत, तिथं वरचा आवाज मरतो आणि खर्ज तसाच घोंघावत राहतो, ऐकून डोकं दुखतं.

छताचा प्रश्न मोठा निघाला. पत्र्याखाली सिमेंट बोर्डाचे दोन थर आणि मधे रॉकवूल असं टांगायचं म्हटलं तर चौरस मीटरला सगळं मिळून 45 किलोच्या आसपास वजन. 6000 चौरस फुटाला 25 टन. स्ट्रक्चरल सर म्हणाले जुन्या ट्रसला हे झेपणार नाही, तो फक्त पत्रा आणि वारा धरायला बांधलाय. मग पर्याय एकच, आत स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा करायचा, जुन्या शेडला कुठंही न टेकणारा, आणि त्याच्यावर आतलं छत नि आतल्या भिंती. घरात घर. खर्च वाढतोय आणि चांगलाच वाढतोय. पण दोन भिंती एकमेकीला शिवत नसतील तर आवाज अडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

16 डिसेंबर

झाकीर हुसेन गेले. सकाळी साईटवर आलो तर सेंट्रिंगवाल्या पोरांमध्ये एकजण भजनी मंडळात तबला वाजवतो, तो मोबाईल बघत बसला होता. कुणी काही बोललं नाही. दुपारच्या सुट्टीत त्यानं रिकाम्या शेडमध्ये पत्र्याच्या पिंपावर बोटांनी एक कायदा (तबल्याची रचना) वाजवला, आणि त्या 3 सेकंदाच्या घुमण्यात तो सगळा विरघळून गेला, एकेक बोल वेगळा ऐकूच येईना.

4 जानेवारी 2025

बजेटची मीटिंग, चार तास. मुंबईच्या पार्टनरचं म्हणणं पडलं की सांगाड्यावर एवढा पैसा घातला तर लाइटिंग आणि लॉबी साधी राहील, फोटोत काय दिसणार. मी म्हटलं फोटो एकदा बघतात. हॉल दुसऱ्यांदा आणि दहाव्यांदा बघायला माणूस येतो तो आवाजासाठी. कोल्हापूर हे असलं गाव आहे जिथं अल्लादिया खाँसाहेब दरबार गवई होते, सुधीर फडके इथं जन्मले, आणि आजही तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूस हलगी-घुमकं वाजलं की लगेच सांगतो कोण बेताला वाजवतंय. असल्या कानांना दिवे दाखवून भागत नाही. आर्किटेक्ट मॅडमनी पण माझी बाजू घेतली, लॉबीत विटेची जुनी भिंत आहे तशीच ठेवू म्हणाल्या, घासून साफ केली तरी बास.

ठरलं. सांगाडा होणार. मूव्हिंग लाइट्स दुसऱ्या वर्षी, तोवर भाड्यानं.

19 जानेवारी

ऑफिसमधली दोन पोरं काल नव्या मुंबईत कोल्डप्लेला गेली होती, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, ज्यांच्या नावाचं स्टेडियम ते मूळचे आपल्या कोल्हापूरचेच. तिकीट, ट्रॅव्हल्स, राहणं धरून एका शोचा खर्च ऐकून मी गप्पच झालो. खर्च करायची तयारी आहे याच्यात शंका नाही. पण वर्षातून एकदा बाहेरगावी जाऊन बघणं आणि महिन्यातून दोनदा आपल्या गावात टू-व्हीलरवरून जाऊन ऐकणं, याच्यात दुसऱ्यानं गावाचे कलाकार तयार होतात.

28 जानेवारी

फॅब्रिकेटर मामांबरोबर बसलो. मामांचं वर्कशॉप आमच्यापासून तिसरं, त्यांनी साखर कारखान्याची कामं केलीत, त्यामुळं 25 टन ऐकून त्यांना काहीच वाटलं नाही. छत टांगायला स्प्रिंगचे हँगर लागतात, म्हणजे आतल्या खोलीचा थरथराट सांगाड्यात आणि तिथून बाहेर जाऊ नये. बाहेरून मागवले तर दर नग फार महाग पडतात. मामा म्हणाले, "कशाला मागवताय? स्प्रिंग गुंडाळणारा हितंच दोन गल्ल्या सोडून हाय. वजन किती, दबायला किती पायजे, एवढं सांगा." स्ट्रक्चरल सरांनी आकडे दिले, पूर्ण वजनाला 25 मिमी दबली पाहिजे. नमुन्याचे चार हँगर चार दिवसात हातात, वजन लावून बघितलं, तीन बरोबर आणि एक थोडा कडक. उद्यमनगरात हॉल करण्यातली खरी मजा ही आहे. फौंड्री, पॅटर्नवाला, टर्नर, पावडर कोटिंग, सगळं चालत जायच्या अंतरावर, आणि समोरच्याला काम समजलं की तो आपल्यापेक्षा पुढचा विचार करतो.

12 फेब्रुवारी

फायरचा दिवस. नाट्यगृहाची आग सगळ्यांच्या डोळ्यापुढं आहे त्यामुळं आपल्या गावात हॉल म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, आणि यायलाच पाहिजे.

आमचे निर्णय लिहून ठेवतो. एक म्हणजे फोम कुठंही नाही. ते करड्या रंगाचे टोकदार फोमचे तुकडे स्टुडिओत लावलेले दिसतात, साधा पीयू फोम असेल तर तो भडाभडा पेटतो आणि धूर विषारी असतो. 2003 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या क्लबात स्टेजवरच्या फटाक्यानं असला फोम पेटला, 100 माणसं गेली. 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात किस क्लबमध्ये परत तेच, 242. दोन्हीकडं कारण तेच, फोम आणि आतल्या आत उडवलेली शोभेची दारू. आमच्याकडं शोषणासाठी रॉकवूल, ते दगडापासून बनतं, जळत नाही, वरून काचेचं कापड. पडदे फायर रिटार्डंट आणि त्याचं सर्टिफिकेट दरवेळी धुतल्यावर परत तपासायचं. स्टेजवर कोल्ड पायरो (थंड ठिणग्यांची आतषबाजी) सुद्धा नाही, कितीही मोठा कलाकार असो, करारातच लिहायचं.

दारं. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्ये सपाट वाटेला दर माणशी 6.5 मिमी रुंदी धरतात. 600 माणसांना 3.9 मीटर. आम्ही दोन-दोन मीटरची तीन दारं तीन बाजूंना देतोय, कारण एक दार अडलं तरी उरलेल्या दोघांतून सगळे बाहेर पडले पाहिजेत. सगळी बाहेर उघडणारी, पॅनिक बार (ढकलला की दार उघडणारा दांडा) असलेली. कार्यक्रम चालू असताना कुलूप नाही. फुकटे घुसतात म्हणून मागच्या दाराला साखळी लावायची सवय बऱ्याच हॉलला असते, ती इथं सुरूच होऊ द्यायची नाही.

21 फेब्रुवारी

टॉयलेटच्या नकाशावर वाद. मी म्हटलं बायकांची जास्त पाहिजेत, समान पण नकोत. इंटरव्हलला बायकांची रांग संपत नाही आणि दुसरा अर्धा भाग चुकतो, मग पुढच्या वेळी त्या येत नाहीत, त्या नाहीत म्हटल्यावर घरातलं कुणीच येत नाही. मॅडम म्हणाल्या हे कुणीतरी बोलायला पाहिजेच होतं. पास.

30 मार्च

गुढीपाडवा. सांगाड्याचा पहिला पोर्टल (दोन खांब आणि वरचा आडवा गर्डर) उभा केला, नारळ फोडला. क्रेन आत जात नव्हती म्हणून मामांच्या पोरांनी चेन पुलीनं उभा केला. मागच्या गल्लीतल्या आजींनी पुरणपोळी पाठवली. खांबाच्या प्लेटखाली रबराचे जाड पॅड, म्हणजे जमिनीतून पण आवाज जाऊ नये.

11 एप्रिल

उद्या जोतिबाची यात्रा, साईटवर कुणी नाही. चांगभलं. मी ऑफिसात बसून कार्यक्रमांचा हिशोब मांडला.

कलाकार कोल्हापूर का टाळतात? कोल्हापूरवर कुणाचा राग नाहीये. पुण्यात शनिवार झाला की पुढचा कार्यक्रम गोवा नाहीतर बेंगळुरू, हायवे आपल्या दारातूनच जातो, पण थांबायला जागा नाही, आणि एकट्या कोल्हापूरसाठी दहा माणसं नि सामान मुंबईहून आणायचं तर प्रवासाचा खर्चच तिकिटातून निघत नाही. म्हणून एकच हॉल करून भागणार नाही. सोलापूर, सांगली-मिरज पट्टा, बेळगाव, असे तीन-चार थांबे मंगळवार ते शुक्रवार जोडता आले तर एका गाडीचा खर्च चार गावांत वाटला जातो. आठवड्याच्या मधले वार कलाकाराचे रिकामेच असतात, तेव्हा तो मानधन पण कमी घेतो. सांगली, इचलकरंजी, निपाणी, कागल इथून माणूस संध्याकाळी येऊन रात्री घरी जाऊ शकतो.

तिकीट. 500 रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. आमचं सगळ्यात महाग तिकीट 500 आणि बहुतेक 250-300 मधे ठेवायचं. विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या पोरांना 150. एवढ्यात नामवंत कलाकाराचा खर्च निघत नाही, ते खरंय, म्हणून महिन्यातले दोन-तीन दिवस हॉल भाड्यानं द्यायचा, रिहर्सल, रेकॉर्डिंग, कंपन्यांच्या मीटिंगा. लग्न मात्र नाही. एकदा लग्न घेतलं की सीझनच्या सगळ्या तारखा लग्नालाच जातात आणि हॉल कार्यालय होऊन बसतो. पैसे त्यात जास्त आहेत हे मला माहितीये, तरी पण नाही.

लायसन्सच्या यादीत पोलिसांचं करमणुकीचं लायसन्स, फायर एनओसी, आणि संगीताचे हक्क. कव्हर बँड दुसऱ्याची रचना वाजवतो तेव्हा गीतकार-संगीतकारांचा वाटा आयपीआरएसकडून लायसन्स घेऊन द्यावा लागतो, मध्यंतरात रेकॉर्ड लावली तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, त्याला पीपीएलसारख्या संस्था आहेत. बरेच आयोजक हे टाळतात. जो हॉल गाणाऱ्यांच्या जिवावर चालणार त्यानं गाणं लिहिणाऱ्याचे पैसे बुडवायचे, हे मला पटत नाही, प्रत्येक कार्यक्रमाच्या खर्चात ती ओळ पहिल्यापासून धरलीये.

24 एप्रिल

एसीचा ठेकेदार म्हणतो डक्ट एवढा मोठा कशाला, निम्म्या साईजमध्ये हवा जाते की. जाते, पण जोरात जाते आणि सूं आवाज करत जाते. ख्यालाची सुरुवात असते, तानपुरा लागलेला असतो, गायक षड्ज लावतो, त्यावेळी वरून एसीचा सूं आवाज आला की संपलं. डक्ट मोठा, वेग कमी, आतून अस्तर, आणि मशीन बाहेर स्वतंत्र पायावर. तास गेला समजवण्यात, मग त्याला मी देवल क्लबच्या बैठकीला घेऊन गेलो. बाहेर आल्यावर म्हणाला, "समजलं साहेब, मोठाच करतो."

इलेक्ट्रिकचं पण झालं. साऊंडचं अर्थिंग वेगळं, लाइटच्या डिमरचं वेगळं, नाहीतर स्पीकरमधून हम येतो.

22 मे

पाऊस यंदा मे मध्येच उतरलाय. दोन दिवस झोडपून काढतोय. पेरणीच्या आधीची मशागत राहिली म्हणून गावाकडून फोन येतायत, काळजीचंच आहे. पण आमच्या कामाला हवी होती ती परीक्षा आपोआप झाली. जुन्या पत्र्यावर पाऊस पडला की शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता आतलं छत तीन भागांपैकी दोन भागांत पूर्ण झालंय. तिसऱ्या भागात उभं राहिलं की ताशा, आणि पूर्ण झालेल्या भागात गेलं की लांबून कुठंतरी सर आली असावी एवढंच. मामा मधल्या रेषेवर इकडून तिकडं चार वेळा गेले. "बाबा, ह्ये लई भारी झालं," म्हणाले. मामांचं तोंडभर कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

कोल्हापुरात चार महिने पाऊस. हॉल पावसात चालत नसेल तर वर्षाचा तिसरा हिस्सा बंद, त्यामुळं हे जमलं नसतं तर सगळा हिशोबच कोलमडला असता.

2 जून

मिरजेला जाऊन आलो. हॉलसाठी दोन तानपुऱ्यांच्या जोड्या करायला दिल्या, एक बायकांच्या पट्टीची, एक पुरुषांच्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. कारागीर काकांनी पहिलं विचारलं ठेवणार कुठं. भोपळा आणि लाकूड दमट हवेत फुगतं, जवारी (तारेचा झंकार) बिघडते. ग्रीन रूमच्या शेजारी एक छोटी कोरडी खोली काढली होती ती केबलसाठी, ती आता वाद्यांची झाली. केबल जिन्याखाली. इथल्या कलाकाराला हॉलमध्ये आल्यावर लागलेला तानपुरा मिळावा ही साधी गोष्ट आहे आणि फार थोड्या ठिकाणी मिळते.

11 जून

पिंक नॉइजची (खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या असलेल्या खरखरीची) टेस्ट. आत 99 डेसिबल ठेवलं, रात्री दहाच्या आधी, गल्लीला आदल्या दिवशी सांगून. आजींच्या खिडकीत मीटर. 47, आणि त्यातला बराचसा गल्लीचाच, कारण आतला आवाज बंद केल्यावर 46 होता. खालच्या पट्टीत 63 हर्ट्झला थोडं गळतंय, शोधत गेलो तर सामान आत घ्यायच्या दारातून, खालची रबर पट्टी जमिनीला नीट टेकत नाही. भिंत आणि छत साफ. दोन दारं आणि मधे जागा असं सगळीकडं केलंय, तिथं पट्टी बसवणं राहिलं होतं.

आजी खिडकीत बसूनच होत्या. "चालू केलं का अजून?" म्हणाल्या. चालू होतं.

घुमणं पण मोजलं, रिकामा हॉल, सगळे पडदे बाहेर ओढून 0.9, पडदे पेटीत ढकलून 1.4. बँडला पडदे बाहेर, बैठकीला आत. दोन माणसांना दहा मिनिटं लागतात.

17 जून

चाचणीचा कार्यक्रम, तिकीट नाही, बोलावलेली माणसं. साईटवर काम केलेले सगळे, मागची गल्ली, आजूबाजूचे वर्कशॉपवाले, काही गाणारे-वाजवणारे. पहिला भाग बैठकीचा, पडदे आत. दुसरा भाग कॉलेजच्या पोरांचा बँड, आणि मधे अर्धा तास हलगी, घुमकं, कैताळ. हलगीचं मला टेन्शन होतं, बंद हॉलमध्ये हलगी कानाला बोचते. पडदे पूर्ण बाहेर काढले, माईक एकपण लावला नाही, आणि जमलं, हातातली काडी आणि बोट वेगवेगळं ऐकू येत होतं. वाजवणाऱ्या दादांनी नंतर विचारलं, "हितं रेकॉर्डिंग करता येईल का आमाला? बाहेर नुसता गोंगाट येतोय." लगेच तारीख दिली. भाडं नंतर बघू म्हटलं, अकाऊंटवाला माझ्याकडं बघत होता.

सेंट्रिंगचा तो तबलावाला बैठकीच्या साथीला बसला होता. पंधरा मिनिटं एकटा वाजला. एकेक बोल मागच्या रांगेपर्यंत.

अडचणी: तिसऱ्या दाराकडची पाटी खांबाआड जाते, हलवायची. बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द थोडे पुसट, तिथला स्पीकर अर्धा मीटर खाली आणून बघायचा. पार्किंगला समोरच्या पाच वर्कशॉपनी साडेसहानंतर त्यांच्यापुढची जागा दिली, पण पावसात तिथं चिखल होतो, खडी टाकायला पाहिजे. चहाचा स्टॉल हॉलच्या दाराला फार जवळ आहे, कपबशीचा आवाज आत येतो, लॉबीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. कार्यक्रम पावणेदहाला संपला पाहिजे हे लिहिलेलं होतं, संपला साडेनऊला, लोक जेवायला मोकळे.

20 जून

सामानाच्या दाराला नवीन पट्टी बसवली, मामांनी खाली आपोआप उतरणारी यंत्रणा स्वतः करून दिली, दार लागलं की पट्टी जमिनीवर दाबली जाते. 63 हर्ट्झची गळती गेली. फायरची अंतिम तपासणी पुढच्या आठवड्यात, त्यानंतरच तिकीट विक्री, आधी नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

सोलापूरच्या जागेचे फोटो आलेत. जुन्या सूतगिरणीचं गोडाऊन आहे, भिंती आपल्यापेक्षा जाड, छत स्लॅबचं, पण मधे दर पंधरा फुटावर खांब. मामांना फोटो दाखवला, म्हणाले दोन खांब काढून वर गर्डर टाकता येईल का ते स्लॅब ठोकून बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. मंगळवारी दोघं जातोय, मीटर आणि फुगे बरोबर घेऊन.